चवळीवरचा मावा

चिखलीत रतनबाईंची तीन मजली इमारत आहे. खाली दोन गाळे. एकात पावडर कोटिंग चालतं, दुसऱ्यात खिडक्यांच्या जाळ्या बनतात. वर भाडेकरू. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत स्वरूपा आणि तिचा नवरा नवनाथ राहतात, आणि त्याच दोन खोल्यांत स्वरूपाची मेसही चालते. आसपासच्या वर्कशॉपमधली गावाकडून एकटी आलेली पोरं तिचे डबे खातात.

पहाटे उठून कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या, भाजी, भात, वरण करायचं, डबे भरून स्कूटीवरून पोचवायचे, दुपारी रिकामे डबे गोळा करायचे, घासायचे, संध्याकाळी मंडईत जायचं, परत रात्रीचे डबे. अशी वर्षं गेली. भूम तालुक्यातून लग्न होऊन ती इकडे आली, तेव्हा नवनाथ चाकणच्या एका कंपनीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर लागलेला होता, अजूनही तिथंच होता. शिफ्ट बदलत राहायची. त्यामुळे नवराबायको एकाच घरात राहूनही एकमेकांना झोपलेलेच जास्त दिसायचे.

मुलगी तेजल लग्न होऊन मारुंजीला गेली त्या वर्षी स्वरूपाला घरात बसवेना. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर जायची आणि तिथंच रेंगाळायची. एकदा पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत टोमॅटोचं रोप उगवलेलं तिला दिसलं. खालच्या गाळ्यातून रंगाची रिकामी बादली मागून आणून तिनं ते त्यात लावलं. मग दुसरी बादली आली. मग कंपनीतून येणाऱ्या मालाच्या लाकडी फळ्यांचे खोके आले. रतनबाई गुडघे धरत वर आल्या ते भांडायलाच.

"स्वरूपे, ह्ये काय मांडलंस? सल्याब गळंल की माझा!"

"मावशी, खाली विटा लावल्यात. पाणी साचू देत नाही मी."

रतनबाईंनी वाकून विटा बघितल्या, खोक्यांखालून हात फिरवला. त्यांचं शेत इथंच होतं, जिथं आता ही इमारत आणि पुढचा रस्ता आहे. हात कोरडा निघाला तसं त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मग. पण गळलं तर तुझ्याच घरात गळंल, ध्यानात ठेव."

भाजी लावली की ती नुसती उगवते, असं स्वरूपाला वाटलं होतं. लहानपणी गावाकडं परसात भोपळ्याचा वेल कुणाच्याही मदतीशिवाय छपरावर चढलेला तिनं बघितला होता. इथं मेथीचे कोंब कबुतरांनी खाल्ले. पालकाला गोगलगायींनी चाळणी केलं. भेंडीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखे पिठ्या ढेकूण आले, टोमॅटोच्या पानाला हात लावला की पांढऱ्या माश्यांचा धुरळा उडायला लागला. कुणी सांगितलं ते सगळं तिनं केलं. साबणाचं पाणी मारलं, निंबोळी तेल मारलं, आंबट ताक शिंपडलं, चुलीतली राख मिळेना म्हणून इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणून भुरभुरली. कीड चार दिवस कमी व्हायची आणि परत यायची.

"दिवसभर खाली भांडी घासते आणि इथं येऊन पानं घासायलेय मी," ती एकदा नवनाथला म्हणाली. म्हणाली तशी, पण जायची थांबली नाही. गच्चीवर तिला कुणी जेवायला वाढ म्हणत नव्हतं.

त्या हिवाळ्यात चवळी जोरात आली. दोन्ही लांब खोके भरून वेल दोरीवर चढले, जांभळी-पांढरी फुलं आली, शेंगा सुटायला लागल्या. आणि त्याच आठवड्यात मावा आला. कोवळ्या शेंड्यांना कुणीतरी काजळ फासावं तसा काळा, दाट. खालची पानं चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली. स्वरूपा संध्याकाळी साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून एकेक शेंडा पुसायची. रतनबाईंनी पायरीवर बसून ते बघितलं.

"ह्ये लाल ठिपक्याचं हायेत न्हवं, ढालकिडं, त्यांना नको पुसू. माव्यावरच जगत्यात त्ये."

"मावशी, ते किती खाणार आणि मावा किती!"

"त्ये बी खरंच," रतनबाई म्हणाल्या. "आमी बी कुठं जिंकलो हुतो."

नवनाथ हे सगळं बघत होता. एका संध्याकाळी जेवता जेवता स्वरूपाचा हात ताटातच थांबला. बोटांत पोळीचा तुकडा तसाच, डोळे मिटलेले. बसल्या जागी ती झोपली होती. त्यानं हाक मारली तर दचकून म्हणाली, "शेंडे राहिलेत दोन." तो बोलका माणूस नव्हता, पण ते दृश्य त्याच्या मनातून गेलं नाही.

कंपनीत त्याच्याच लाइनला ज्ञानदेव म्हणून होता, चाकणपलीकडच्या गावातला. घरची थोडी जमीन राहिली होती तिच्यात तो झेंडू लावायचा. नवनाथनं त्याला मावा कसा जातो ते विचारलं.

"त्यात काय एवढं, भावा? येका फवाऱ्यात साफ," ज्ञानदेव म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कोल्ड्रिंकच्या बाटलीतून थोडं औषध घेऊन आला. "पाण्यात झाकणभर टाकायचं. तोंडाला फडकं बांध. आनि आठ-पंधरा दिस त्या शेंगंला हात लावायचा न्हाई, वहिनीला सांगून ठेव."

"सांगतो," नवनाथ म्हणाला.

त्या दिवशी त्याची तिसरी शिफ्ट होती, रात्रीची. स्वरूपा मंडईत गेली होती. काच पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घेऊन त्यानं औषध अंदाजानं ओतलं, झाकणापेक्षा जास्तच. फडकं बांधायचं राहिलं. वारं होतं, फवारा उलटा तोंडावर आला, तो त्यानं बाहीनं पुसला. प्रत्येक शेंडा भिजेपर्यंत फवारलं. तेवढ्यात कंपनीच्या बसची वेळ झाली. बाटली टाकीमागं सरकवून तो पळाला. बसमध्ये तिला फोन करू म्हणून बसला आणि डोळा लागला. कंपनीच्या गेटवर मोबाइल लॉकरमध्ये जमा झाला. मग राहूनच गेलं.

सकाळी पोळ्या झाल्यावर स्वरूपा वर गेली आणि बघतच राहिली. शेंड्यांवरचा मावा मेला होता. बोट लावलं की काळ्या भुकटीसारखा गळत होता. मुंग्या नव्हत्या. खोक्याच्या काठावर लाल ढालकिडेही उलटे पडले होते. ते बघून तिला थोडं चमत्कारिक वाटलं, एक उग्र वासही आला, पण खालच्या गाळ्यातून रोज कसला ना कसला वास वर येतच असतो. इतके दिवस मारलेलं साबणाचं पाणी अखेर लागू पडलं, असं तिला वाटलं. आणि शेंगा तर मूठमूठ लोंबत होत्या.

गच्चीवरची भाजी सगळ्या डब्यांना पुरेल इतकी आजवर कधी निघाली नव्हती. आज निघत होती. तिनं ओढणीचा ओचा करून सगळ्या शेंगा तोडल्या, दोन पाण्यांनी धुतल्या, मोडल्या, दाण्याचं कूट आणि गावाकडून आलेला येसर मसाला घालून भाजी केली. डबे पोचवून आली तेव्हा तिला नेहमीसारखं लगेच आडवं व्हावंसं वाटलं नाही. ती नवनाथची वाट बघत दारात उभी राहिली.

त्या दिवशी त्याला ओव्हरटाइम पडला होता. आला तो दुपारी, चेहरा उतरलेला. रात्रभर डोकं दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. भट्टीपुढं असं होतंच, म्हणून तो कुणाला काही बोलला नव्हता. हातपाय धुऊन ताटावर बसला.

"ही चवळी कुठली?" त्यानं विचारलं.

"ओळखा."

त्यानं मान वर केली.

"आपलीच की! मावा गेला सगळा. आज सगळ्या डब्यांना आपल्या गच्चीवरची भाजी गेली."

नवनाथच्या हातातला घास परत ताटात पडला. "सगळ्या डब्यांना?"

"काय झालं?"

"मी काल औषध मारलंय त्याच्यावर. ज्ञानदेवनं दिलेलं. तुला सांगायचं राहिलं."

स्वरूपा ओरडली नाही. तिनं त्याचं ताट उचलून कचऱ्याच्या बादलीत उपडं केलं. पातेलं झाकून वर जड पाटा ठेवला. मग फोन हातात घेतला. पहिल्या तिघांनी उचललाच नाही. मशीनच्या आवाजात रिंग कुणाला ऐकू येणार! ती चप्पल घालून खाली उतरली. नवनाथनं स्कूटीची चावी घेतली, पण त्याचे हात थरथरत होते. ती म्हणाली, "मागं बसा." भीतीनं थरथरतात, असंच तिला वाटलं.

पहिल्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी नुकतीच होत होती. पोरं हात धूत होती.

"भाजी खाऊ नका," ती दारातूनच म्हणाली. "पोळी, भात, वरण खा. भाजी द्या इकडं."

"का काकू? मस्त वास येतोय."

"बिघडलीय."

डबे मोकळे करून घेऊन ती पुढच्या गल्लीत गेली. तिथं निरंजन म्हणून एक फिटर होता, त्यानंही तेच विचारलं. तिथंही ती "बिघडलीय" म्हणणार होती. पण तिच्या लक्षात आलं, बिघडलेली भाजी पोरं चव बघून खातात. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिच्यावर किडीचं औषध मारलेलं होतं. मला माहीत नव्हतं. कुणी खाल्ली असेल तर आत्ता सांगा, लपवू नका."

मशीन बंद झाल्या. कुणीतरी हळूच शिवी दिली. तिनं ऐकली आणि डबे गोळा केले. पुढं प्रत्येक ठिकाणी तिनं तेच, तितकंच सांगितलं. घसा कोरडा पडला तरी कुठं पाणी मागितलं नाही.

शेवटचा डबा कुलदीपचा होता. परभणीकडचा पोरगा, लेसर कटिंगला. तिला बघून हसला. त्याचा डबा धुऊन खुंटीला टांगलेला होता.

"आज लवकरच जेवलो काकू, सकाळपासून पोटात काही नव्हतं. चवळी लय भारी होती. घरच्यासारखी."

स्वरूपा तिथल्या लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर बसली. मग उठली. "चल," म्हणाली, "दवाखान्यात चल."

"मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"कुलदीप, मी तुझ्या पाया पडते. चल."

स्कूटी तिथंच ठेवून तिघं रिक्षात बसले. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कुलदीपच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, नाडी बघितली, किती वेळापूर्वी खाल्लं, किती खाल्लं, औषधाचं नाव काय, विचारलं. नाव कुणालाच माहीत नव्हतं. ज्ञानदेवचा फोन लागत नव्हता, तो कामावर होता. सध्या तरी काही दिसत नाही, पण रात्रभर इथं राहू दे, असं बाई म्हणाल्या. आणि मग त्यांचं लक्ष बाकावर गेलं.

नवनाथ भिंतीला टेकून बसला होता. शर्ट घामानं चिंब. तोंडाच्या कडेनं लाळ येत होती ती तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

"यांना काय होतंय?"

"काही नाही, नाइट करून आलेत," स्वरूपा म्हणाली. "झोप नाही."

बाईंनी त्याच्याही डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"फवारणी कुणी केली?"

"मी," नवनाथ म्हणाला.

त्यानंतर धावपळ झाली. त्याला आत नेलं, कपडे काढून अंग साबणानं धुतलं, सलाइन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. ज्यानं भाजी खाल्ली तो पोरगा खाटेवर बसून मोबाइल बघत होता, आणि एक घासही न खाल्लेला माणूस आत तडफडत होता. स्वरूपाला स्टुलावर बसवलं होतं. तिला राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. कुणीतरी आपल्याला इथंच, या फरशीवर झोपू द्यावं, एवढंच तिला वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाज वाटत होती.

संध्याकाळी ज्ञानदेव आला, औषधाची मूळ बाटली पिशवीत घेऊन. नाव वाचून डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, उपचार बरोबर चालू आहेत म्हणाल्या. ज्ञानदेव दारातच उभा राहिला.

"वहिनी, मी सांगितलं हुतं त्याला. हात लावायचा न्हाई म्हनून."

"त्यांनी मला नाही सांगितलं, भाऊ," ती म्हणाली. "आमची गाठच पडत नाही."

पलीकडच्या खाटेवरून कुलदीपनं विचारलं, "काकू, उद्या डबा आहे का?"

"नाही," स्वरूपा म्हणाली. मेस सुरू झाल्यापासून सणवार सोडून हे उत्तर तिनं पहिल्यांदाच दिलं.

कुलदीपला दुसऱ्या दिवशी सोडलं, त्याला काही झालं नाही. नवनाथला काही दिवस ठेवून घ्यावं लागलं. तो घरी आला तेव्हा गल्लीत सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. बरीच पोरं दुसऱ्या मेसला गेली. जी राहिली ती डबा उघडून आधी भाजी हुंगायची. मागं बोलताना तिला औषधवाली काकू म्हणतात, हे तिला एका पोराच्याच तोंडून चुकून कळलं.

रतनबाई वर आल्या, या वेळी भांडल्या नाहीत. "उपटून टाक समदं," म्हणाल्या. "आनि उघड्यावर नको टाकू, गाई तोंड घालत्यात." स्वरूपानं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून वेल उपटले, गोणीत भरले, तोंड शिवलं, घंटागाडीवाल्याला आत काय आहे ते सांगून दिलं. टाकीमागची बाटलीही गेली. खोके तसेच पडून राहिले. माती भेगाळली. कोपऱ्यातल्या वांग्याच्या बादलीपर्यंत फवारा थोडाच पोचला होता, ते झाड तगलं, पण त्याच्यावर आता बारीक लाल कोळी आले. त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं.

नवनाथला भट्टीपुढं उभं राहवेना. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये टाकलं, कायमची दिवसपाळी. ओव्हरटाइम गेला, पण संध्याकाळी तो घरी असायला लागला. इतक्या वर्षांनी रोज संध्याकाळी समोरासमोर बसायचं म्हणजे दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा लसूण सोलता सोलता तो म्हणाला, "तू मला काहीच बोलली नाहीस."

"बोलायला ताकद लागते हो."

"मला वाटलं, तुझं तेवढं तरी काम सुटेल."

"सुटलंच असतं की कायमचं. तुमचंही आणि माझंही." ती हसली नाही, पण तिच्या आवाजात धारही नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, "मला विचारायचं होतं. मी नको म्हणले असते. मावा असला तर असू दे म्हणले असते."

"पण तू तर रोज त्याच्यावर चिडायचीस."

"चिडायचेच. चिडायला तरी काहीतरी नको का?"

सोललेला लसूण नवनाथनं तिच्यापुढं सरकवला.

उन्हाळा गेला. कुलदीप एक दिवस आपणहून आला. त्या दुसऱ्या मेसच्या भाजीवर नुसता तेलाचा तवंग असतो, म्हणाला, आणि परत डबा लावून गेला. मागून आणखी काही आले. सगळे आले नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी स्वरूपानं खोक्यांतली माती काढून टाकली, नवी माती आणि शेणखत आणून नवनाथनं ते भरलं. चवळी तिनं लावली नाही. त्या बियांचं पाकीट हातात घेतलं की तिला कुलदीपचा खुंटीवरचा धुतलेला डबा दिसायचा. वांगी लावली, मिरच्या लावल्या. लगेचच वांग्याचे शेंडे माना टाकायला लागले. आत पोखरणारी अळी असते, शेंडा खालून कापून टाकावा लागतो, नाहीतर ती फळात शिरते. कापलं तरी काही फळांत शिरतेच.

आता हे काम दोघं मिळून करतात. परवा संध्याकाळी नवनाथ कात्रीनं सुकलेले शेंडे कापत होता आणि स्वरूपा ते उचलून साबणाच्या पाण्यात बुडवत होती. खाली जाळ्यांच्या गाळ्यात ग्राइंडर चालू होता. अर्ध्यावर ती म्हणाली, "पाच मिनिटं टेकते," आणि कठड्याला पाठ लावून बसली. तो पुढच्या झाडाकडे वळला, काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर तिची मान एका बाजूला कलली होती.

त्यानं तिला उठवलं नाही. ओली बादली तिच्या पायाजवळून बाजूला घेतली. उरलेले शेंडे राहू दिले आणि जिन्यानं खाली गेला. तांदूळ-डाळ धुऊन कुकर लावला. बटाटे कापायला घेतले, जाड आणि वेडेवाकडे. रात्रीचे डबे आज उशिरा जातील, असा फोन त्यानं एकेका पोराला केला.

वर स्वरूपाला कुकरच्या शिट्टीनं जाग आली. दिवे लागले होते. आपण गच्चीवर असताना खाली शिट्टी कशी झाली, हे तिला क्षणभर कळेना. मग फोडणी जळाल्याचा वास आला. मोहरी करपवली होती त्यानं. तिनं ते ओळखलं, उठायला हवं असंही तिला वाटलं. पण ती उठली नाही. गुडघे पोटाशी घेऊन ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.